फुकट, पण अटींसकट

फुकट मिळालेल्या वस्तूवरून भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण स्वतः फुकट देऊन वर त्या देण्यावरून घेणाऱ्याशी, न घेणाऱ्याशी आणि कुणीच सापडलं नाही तर स्वतःशी भांडणारा माणूस उभ्या चंद्रपूर-गडचिरोलीत एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला आला. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात रफीक नावाचा सहकारी होता, त्याचे हे सख्खे मामा. रफीक त्यांना मामू म्हणायचा, म्हणून आम्ही मास्तर मंडळीही मामू म्हणू लागलो, आणि पुढे पुढे तर अहेरीच्या गाडीचे कंडक्टरसुद्धा त्यांना मामू म्हणूनच हाक मारायचे. उंच, वाळका देह, खिशात पेनाच्या शेजारी स्क्रू-ड्रायव्हर, आणि पायांत कुणीतरी किल्ली भरून ठेवल्यासारखी सततची चाल. जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत त्यांचं रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथे एक खुर्ची होती, ती गिऱ्हाइकासाठी. मामू उभ्यानेच काम करायचे, उभ्यानेच चहा प्यायचे, आणि चहा अर्धा झाला की कप हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, कारण त्यांना काहीतरी आठवलेलं असायचं. एकदा एका गालाला साबण तसाच ठेवून ते माझ्या घरी आले. दाढी करताना एक शंका आली होती, आणि शंका व वस्तरा या दोन गोष्टी एका हातात धरू नयेत असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या हातून दुरुस्त होऊन आलेली वस्तू ओळखायला फार सोपी. तिला झाकण नसायचं. रेडिओ यायचा तो उघडाबोडका, घड्याळ यायचं ते पाठ उघडी टाकून. माझा टेबलफॅन त्यांनी इतका सुंदर दुरुस्त केला की तो नवा असतानाही असा चालला नव्हता. पण त्याची मागची टोपी आणि स्क्रू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे आले.

“मामू, हे लावायचं राहिलं,” मी म्हणालो.

“राह्यलं नाई सर, ठेवलं. उद्या बिघडला तं तुमाले आत पाहता आलं पाहिजे.”

“पण मला त्यातलं काही कळत नाही.”

“आज नाई कळत. झाकण लावलं तं कधीच नाई कळनार.”

या युक्तिवादाचं उत्तर आमच्या सौभाग्यवतींकडे होतं. त्यांनी टोपी स्वतः लावून टाकली.

नव्वदीच्या शेवटी चंद्रपूरच्या छापखान्यांतून शिशाचे खिळे गेले आणि कॉम्प्युटर आले, तसे मामूही रेडिओकडून कॉम्प्युटरकडे सरकले. जुनी पुस्तकं, कुठल्या तरी मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी, आणि बेचैनी, एवढ्या भांडवलावर ते प्रोग्रामिंग शिकले. त्या काळात मराठी फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने ‘क’ कुठल्या घरात बसवायचा आणि वेलांटी कुठे ठेवायची, हे आपापल्या मर्जीने ठरवलेलं होतं. त्यामुळे एका छापखान्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला की पडद्यावर कावळ्यांनी पाय पुसल्यासारखं काहीतरी उमटायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागायचं. मामूंच्या मेहुण्याचाच छापखाना होता. लग्नसराईत मेहुण्याचे हाल बघून मामूंनी एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उतरवणारा प्रोग्राम लिहिला, फ्लॉप्यांवर भरला आणि बल्लारपूर, मूल, वरोरा, दिसेल त्या छापखान्यात नेऊन वाटला. अट एकच. “घ्या, वापरा, बदला, विका, काय करायचं ते करा. फक्त माझं नाव आतून पुसू नका.”

प्रोग्राम चांगला होता. त्याला खोड एक होती, ती रफाराची. अक्षराच्या डोक्यावर बसणारा हा अर्धा र काही फॉन्टवाले अक्षराच्या आधी साठवायचे आणि काही नंतर. मामूंचा प्रोग्राम त्याला जिथे सापडला तिथेच सोडून द्यायचा, आणि मग तो शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. बल्लारपूरच्या एका लग्नपत्रिकेत ‘आशीर्वाद’चं ‘आशीवार्द’ झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण वराच्या स्वर्गवासी आजोबांच्या नावामागे ‘स्वगर्वासी’ असं छापून आलं. आजोबा हयात असताना फार ताठ होते म्हणतात. निम्म्या पाहुण्यांना वाटलं की घरच्यांनी मुद्दामच लिहिलं.

मामू रफाराच्या मागे लागले, आणि त्या नादात आठवडेच्या आठवडे गेले. तेवढ्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तोच प्रोग्राम उचलला, रफाराची खोड आपल्या माणसांकडून काढून घेतली, त्याला चकचकीत खोकं आणि कुलूप लावलं आणि चंद्रपूरच्याच छापखान्यांना विकायला आणला. कुलूप म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं एक बोटभर यंत्र; ते नसेल तर प्रोग्राम उघडायचाच नाही. आत कुठेतरी कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत मामूंचं नाव होतं. अट पाळलेली होती.

मामू तो प्रोग्राम बघायला मेहुण्याच्या छापखान्यात गेले, मीही सोबत होतो. त्यांनी ‘स्वर्गवासी’ टाइप करून पाहिलं. रफार जागच्या जागी बसला. मामू बराच वेळ त्या रफाराकडे बघत होते.

“कसा केला असन यानं?” ते म्हणाले.

“आत बघता येत नाही का?”

“कुलूप आहे ना सर. घर माह्यं, कुलूप त्याचं.” मग स्वतःच म्हणाले, “चोरी नाई केली त्यानं. मीच म्हटलं होतं, काय करायचं ते करा. त्यानं केलं.”

त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं; राग येऊन जातो. मामूंच्या डोक्यात विचार आला, आणि तो जायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी ते मासिकाच्या सीडीवरून छापून काढलेले इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आले. मी इंग्रजी शिकवतो हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं आणि त्यावर विश्वासही ठेवला होता. ते कागद म्हणजे फुकट प्रोग्राम वाटायचे नाना तऱ्हेचे परवाने होते. मी शेक्सपिअर समजावतो त्या पद्धतीने एकेक कलम समजावू लागलो, आणि मामू माझ्या अंगणात इकडून तिकडे चालत ऐकू लागले. त्यात एक परवाना मामूंच्या पहिल्या अटीसारखा मोकळा होता: नाव ठेवा, बाकी काहीही करा. दुसरा मात्र म्हणत होता की घ्या, बदला, विकासुद्धा. पण बदलून दुसऱ्याला द्याल तर आतलं सगळं, म्हणजे प्रोग्राम कसा लिहिलाय ते, उघडं करून द्या, आणि त्यालाही हीच मोकळीक द्या. त्याला कॉपीलेफ्ट म्हणतात असं मी वाचून दाखवलं. मामूंना शोधत आमच्याकडे आलेल्या मामी माझ्या घरच्यांच्या हातातला चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होत्या, आणि त्यांनी एवढंच ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे जामन, विरजण. शेजारणीकडून जामन आणलं, दही लावलं, तर दुसरी मागायला आली तिला नाही म्हणता येत नाही.”

मामू चालता चालता थांबले. त्या दिवसापासून त्या परवान्याला आमच्याकडे ‘जामनवाला’ म्हणू लागले. मी मात्र एक शंका काढली. “मामू, जामन एक चमचा घातलं तरी सगळ्या दुधाचं दही होतं. ज्याला दूधच हवंय तो तुमचं जामन घेईल का?”

“नाई घेनार,” मामू म्हणाले. “त्याचाच विचार करून राह्यलो.”

विचार करता करता त्यांनी परवाना बदलला. जामनवाला केला. बदलल्या बदलल्या त्यांना वाटलं की फारच कडक झालं, म्हणून पुन्हा मोकळा केला. मग नागपूरचा रफार आठवला की पुन्हा जामनवाला. लोक कपडे बदलतात तसा हा माणूस परवाना बदलत होता, आणि दर वेळी जुन्या फ्लॉप्या घेतलेल्यांना जाऊन सांगत होता. मूलचा एक छापखानेवाला मला म्हणाला, “सर, मामूले म्हणा, फुकट देऊ नका, इकत द्या. इकत घेतलेली वस्तू तरी जागेवर राह्यते.” त्यात अडचण अशी होती की एकदा मोकळ्या परवान्याने दिलेलं परत मागता येत नाही. ज्याच्याकडे जुनी फ्लॉपी होती, त्याच्या हातात जुनीच मोकळीक होती. मामूंनी बदल करायचा तो फक्त पुढच्यापुरता.

शेवटी जामनवाला परवाना टिकला, आणि त्याचं एक फळही मिळालं. सिंदेवाहीला टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. धानाच्या शेतीची माहितीपत्रकं त्या टाइप करायच्या, आणि ‘वर्षा’चं ‘वषार्’ होण्याला कंटाळल्या होत्या. त्यांनी आत पाहिलं, रफार मागे उडी मारून आपल्या अक्षरावर कसा आणायचा ते शोधलं, आणि फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. पिशवीत तांदूळ होते आणि तांदळात फ्लॉपी होती. मामींनी तांदूळ निवडायला घेतले नसते तर महाराष्ट्रातला रफार आणखी काही महिने भटकत राहिला असता. त्यानंतर सिरोंच्याहून दुसरी फ्लॉपी आली. तिला सुक्या मासळीचा वास होता. तिथे झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान चालवणारा एक तेलुगू माणूस होता, सगळे त्याला अन्ना म्हणायचे. सिरोंच्यात पत्रिका मराठीत एक बाजू, तेलुगूत दुसरी बाजू अशा छापतात. अन्नाने त्यात तेलुगू घातली. पण घालताना मामूंचं घर पायापासून नव्याने बांधलं, म्हणजे दोन लिप्या एकाच छपराखाली नांदतील. आता त्याचा हात कढीतल्या मिठासारखा सगळीकडे होता. वेगळा काढता येण्यासारखा नव्हता.

मामू त्या दिवसांत चक्क आनंदी होते. आनंदी असले की ते जास्त वेगाने चालत.

आणि मग पुण्याहून एका कंपनीचा तरुण साहेब आला. गडचिरोलीच्या गावोगावी हिवतापाची माहितीपत्रकं मराठीत आणि तेलुगूत काढायचं काम त्या कंपनीला मिळालं होतं. मजकूर वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या फॉन्टमध्ये यायचा. मामूंचा प्रोग्राम त्यांना आपल्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात घालून तालुक्यातालुक्याला द्यायचा होता. माणूस सभ्य होता. दुकानातल्या त्या एकुलत्या खुर्चीत बसून त्याने सगळं सरळ सांगितलं.

“तुमचं काम उत्तम आहे, मामू. पण तुमच्या अटीनुसार आमचा सगळा प्रोग्राम उघडा करावा लागेल. त्यात काही भाग आम्ही दुसऱ्यांकडून घेतलेले आहेत. ते आमचे नाहीतच, तर उघडे कसे करणार? तुम्ही पहिल्यासारखी मोकळी अट लावून दिलंत तर लगेच घेतो.”

“मी एकटा नाई देऊ शकत,” मामू म्हणाले. “यात आता दोघं आनखी हायेत. त्यायनं ज्या अटीवर देल्लं, ती बदलायची तं त्यायले विचारा लागते.”

“मग विचारा. पण लवकर. पावसाळ्याआधी पत्रकं गावांत पोचायला हवीत.”

साहेब गेला आणि मामूंनी माझी सुट्टी ठरवून टाकली. अट इंग्रजीत होती, तेव्हा इंग्रजीचा मास्तर सोबत पाहिजे.

सिंदेवाहीला आम्ही पोचलो तेव्हा बाई दुकानात एका हाताने टाइप करत होत्या आणि दुसऱ्या हाताने टेबलाखालच्या कोंबडीला हाकलत होत्या. मामू उभ्याउभ्याच सगळं बोलून गेले. बाईंनी ऐकून घेतलं.

“एवढ्यासाठी आले, भाऊ? फोन नाई का करायचा?”

“असं फोनवर नाई विचारत, बाई. तुमची वस्तू आहे.”

“माही काऊन? मले रफार नीट पाहिजे होता, मी केला. आता तो तापाच्या कागदावर नीट दिसन तं बरंच आहे. देऊन टाका.”

“उद्या कोनी कुलूप लावून विकला तं?”

“विकू द्या. इथचा तं उघडाच राह्यते ना? माह्या दुकानातला कोनी नेऊन नाई राह्यला.” मग त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. “जेवले का तुमी दोघं? तोंडं पहा कशी सुकली.”

जेवून निघालो. बसमध्ये मामू म्हणाले, “बाई बरोबर बोलल्या, सर. दिलेल्या वस्तूच्या मागं मागं काऊन फिरायचं?” मूलचा स्टँड येईपर्यंत ते मोकळ्या परवान्याचे होऊन गेले होते.

सिरोंच्याचा रस्ता लांब. आलापल्लीच्या पुढे जंगल सुरू झालं की रस्ता अधूनमधून असायचा. खड्ड्यांमुळे मामूंना सीटवर बसल्या बसल्याही चालल्यासारखं समाधान मिळत होतं. मी मात्र कंटाळलो होतो. मी म्हटलं, “मामू, अन्नाला न विचारता दिलं असतं तरी कुणाला कळलं असतं? पत्रकं गरिबांसाठीच आहेत.”

मामूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही, नवल वाटल्यासारखं. “सर, तो नागपूरवाला अटीत राहून घेऊन गेल्ता. मी अट मोडून देऊ? मंग त्याच्यापेक्षा मी वाईट झालो ना.”



अन्ना म्हणजे मामूंच्या अगदी उलटा ऐवज. स्थूल, संथ, एकदा स्टुलावर बसला की संध्याकाळीच उठणारा. मामू त्याच्याभोवती फिरत बोलत होते आणि तो मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यामागे जात होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “कादु, मामूगारू. नाही देनार.”

“काऊन?”

“त्या नागपूरच्या कुलपानं माझी एक लग्नसराई खाल्ली. कॉम्प्युटर बदलला तर कुलूप बसेना. विचारायला गेलो तर नवीन घ्या म्हनले. पत्रिका अडकल्या, लोक दारात बसले. मी आत पाहू शकत नव्हतो. तुमचा प्रोग्राम घेतला तेव्हा ती अट वाचून घेतला. म्हनून तर तेलुगू घातली. अट बदलायची होती तर मला आधी सांगायचं, मी घातली नसती.”

“अरे पन लोकं तापानं फनफनून राह्यले, अन् तू अटी सांगून राह्यला.”

“लोकांसाठीच सांगतो. उद्या त्या कागदात चूक निघाली तर दुरुस्त कोन करनार? आज तुमी कराल. त्यांनी कुलूप लावल्यावर कोन करनार?”

मामू फिरायचे थांबले नाहीत, पण वेग कमी झाला. मग म्हणाले, “चल, नदीवर जाऊ. इथी मले सुचत नाई.” आणि आश्चर्य म्हणजे अन्ना उठला. गोदावरीच्या काठाने आम्ही तिघे चालत राहिलो. पलीकडच्या तीरावरून नाव येत होती, माणसं आणि सायकली भरून. मामू म्हणत होते, देनाऱ्यानं हात मोकळा ठेवावा. अन्ना म्हणत होता, हात मोकळा, पण मूठ दुसऱ्याची होऊ नये. मामू म्हणत होते, अट घातली तर घेणारा येतच नाही. अन्ना म्हणत होता, अट नाही घातली तर आलेला परत येत नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि हे मी सांगितलं तेव्हा दोघांनीही माझ्याकडे इंग्रजीच्या मास्तरकडे बघतात तसं पाहिलं.

बऱ्याच वेळाने अन्नाच बोलला. “असं करा. आपला प्रोग्राम त्यांच्या पोटात नका घालू, बाजूला ठेवा. त्यांच्या प्रोग्रामनं आपल्याला कागद द्यावा, आपन बदलून परत द्यावा. त्यांचं त्यांच्याजवळ झाकलेलं राहू द्या. आपल्या भागात काही बदल केला, तर तेवढा उघडा करा म्हना. एवढ्याला माझी हो आहे.”

मामूंनी त्याला तिथल्या तिथे मिठी मारली. असा परवानाही त्या कागदांत होता. मीच तो न वाचता उलटून टाकला होता, कारण तो लांब होता.

परत आल्यावर मामूंनी एसटीडीच्या बूथमधून पुण्याला फोन लावला. मी बाहेर काचेला टेकून उभा होतो. आत मामू वायर पुरेल तेवढं इकडेतिकडे करत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“काय म्हणाले?”

“म्हनले, चांगलं आहे. पन वरच्यांना विचारावं लागेल, त्यांच्या वकिलाले कागद दाखवावा लागेल. तेवढा वेळ नाई म्हने. म्हनले, तुमचीच जुनी फ्लॉपी आहे आमच्याजवळ, बिनाअटीची. मराठीचं तिच्यातच करतो, तेलुगूचं हातानं टाइप करून घेतो.”

“जुनी? तिच्यात तर रफार—”

“सांगितलं. आमची मानसं तपासतील म्हने.” मामूंनी स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवला. “मी नाई कसं म्हनू? देल्ली होती ना मीच.”

पुढे पावसाळा लागायच्या सुमाराला मला परीक्षेच्या कामासाठी अहेरीला जायचं होतं. मामूंना नेहमी कुठेतरी जायचंच असायचं, म्हणून तेही निघाले. अहेरीच्या स्टँडवर उतरलो. भिंतीवर, खांबांवर, चहाच्या टपरीच्या फळीवर हिवतापाची नवी पत्रकं चिकटवलेली होती. डासाचं मोठं चित्र, वर मराठी, खाली तेलुगू. छपाई सुंदर होती. मी सवयीने वाचू लागलो. ‘सवर् गावकऱ्यांसाठी.’ ‘गभर्वती महिलांनी डॉक्टरांना विचारावे.’ आणि गोळ्या कशा घ्यायच्या त्या चौकटीत: ‘लहान मुलांना अधीर् गोळी.’

मी मामूंकडे पाहिलं. त्यांनी ते माझ्या आधी वाचलेलं होतं.

पत्रकासमोर एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. तिच्याबरोबरची म्हातारी तिला विचारत होती, “का लिवलं आहे?” ती बाई अक्षर लावत होती. “अ... धीर. अधीर गोळी.”

“अशी कोंची गोळी असते?”

“अर्धी,” मामू म्हणाले. “अर्धी आहे ते, बाई. एका गोळीचे दोन तुकडे, त्यातला एक. लहान पोराले पूर्ण नाई द्यायची.”

बाईने मान हलवली. मामूंनी खिशातलं पेन काढलं. ‘धी’च्या पुढचं ते ‘र्’ खोडलं आणि ‘धी’च्या डोक्यावर बारीक, सुबक रफार काढला. मग ‘गर्भवती’चा केला. मग शेजारच्या खांबावरचं पत्रक. मग टपरीवरचं; टपरीवाल्याने काय करता म्हणून विचारलं, तर म्हणाले, “माही चूक आहे, भाऊ, दुरुस्त करून राह्यलो.” हे काही खरं नव्हतं, आणि खोटंही नव्हतं. प्रत्येक कागदासमोर ते अगदी थोडा वेळ थांबायचे आणि पुढे व्हायचे. मला कॉलेजवर जायला उशीर होत होता, तरी मी मागून मागून जात राहिलो. अख्ख्या स्टँडवरचे रफार संपले तेव्हा त्यांच्या बोटांना शाई लागली होती.

“झालं,” मी म्हणालो. “चला आता.”

“स्टँडवरचे झाले, सर. गावोगावी लावले असन ना.”

ते खरंच होतं. मी एवढ्या दिवसांत मनात राहिलेलं विचारून टाकलं. “मामू, खरं सांगा. अन्नाचं ऐकलं नसतं, मोकळं देऊन टाकलं असतं, तर हे झालं नसतं. आणि पहिल्यांदाच जामनवालं दिलं असतं, तरी झालं नसतं. मग कुठली अट बरोबर होती?”

मामूंनी पेनाला टोपण लावलं. समोर धूळ उडवत एक लाल गाडी वळत होती, आणि ते मान उंच करून तिची पाटी वाचायचा प्रयत्न करत होते.

“मले का मालूम, सर,” ते म्हणाले. “एटापल्लीची गाडी कुठी लागते, तेवढं पहा.”

गाडी तीच निघाली. मामू चढले, आणि जागा रिकामी असूनही दांडीला धरून उभेच राहिले. खिडकीतून त्यांनी मला हात केला, शाईने निळ्या झालेल्या बोटांचा. गाडी सागाच्या झाडांत शिरली, मागे लाल धूळ बराच वेळ रेंगाळली, आणि मी परीक्षेला गेलो.